समझोता करारात 'कंपनीचा कोर्टखर्च कर्मचाऱ्याने भरावा' असं असेल, तर सही करावी का?

चिंचोळी एमआयडीसीतली 12 वर्षांची नोकरी सोडताय, चेक तयार आहे आणि करारात एक ओळ आहे: 'भविष्यात कोणताही वाद उद्भवल्यास कंपनीचा सर्व कायदेशीर खर्च कर्मचारी भरून देईल.' आहे तशी सही? अजिबात नको.

'अहो, स्टँडर्ड क्लॉज आहे' असं एचआर सांगणारच. मुंबईच्या कुठल्यातरी कंपनीचा फॉरमॅट उचलायचा, नाव बदलायचं, झालं स्टँडर्ड! हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. पीएफचा फॉर्म कंपनीने अडवला म्हणून तुम्ही तक्रार केलीत, तर तोही वादच की हो. चेक परत आला आणि नोटीस पाठवलीत, तरी तेच. चूक त्यांची, वकिलाचं बिल मात्र तुमच्या गळ्यात.

बदलून असं घ्या: कर्मचाऱ्याने करार मोडला असं कोर्टाने ठरवलं तरच खर्च लागू, ग्रॅच्युइटी, पीएफ आणि ठरलेल्या रकमेची वसुली यातून वगळलेली, खर्चाला कमाल आकडा, समजा 25,000, तोही वकिलाची बिलं दाखवून, आणि तुमच्या देण्यातून परस्पर वळतं करायचं नाही. सोबत उलट बाजूही लिहून घ्या: तारखेला पैसे मिळाले नाहीत, तर तुमचा वसुलीखर्च कंपनीचा. यावर एचआरचा चेहरा बघा, क्लॉज किती स्टँडर्ड होता ते तिथेच कळेल.

आकडा टाकलेला नसला तरी कंपनीला मोकळं रान नसतं. करार कायदा 1872 च्या कलम 125 प्रमाणे, खर्च भरून मिळण्याची अशी हमी हाताशी नसती तर शहाण्या माणसाने दावा जसा लढवला असता, तसा लढवल्याचाच खर्च मागता येतो. पण हे कोर्टात सांगायचं म्हणजे पुन्हा वकील आलाच.

ग्रॅच्युइटी वेगळ्या ओळीत मागा. मूळ पगार अधिक महागाई भत्ता 18,000 असेल, तर 18,000 × 15 ÷ 26 × 12 (महिना 26 दिवसांचा धरून दर वर्षाला 15 दिवसांचा पगार, अशी 12 वर्षं) म्हणजे 1,24,615 रुपये. 'सर्व मिळून 2 लाख' या गोळाबेरजेत ती गायब होते, आणि नंतर मागितली की तोच 'वाद'.

कंपनी तुमच्या वकिलाची फी देणार असेल तर रक्कम, मुदत आणि पैसे कोणाच्या खात्यात जाणार, हे लिहून घ्या. तुमच्या खात्यात आले तर टीडीएस कापला जाऊ शकतो.

हां, हक्काच्या देण्याच्या वर कंपनी भरघोस रक्कम देत असेल, तर मर्यादित क्लॉज मान्य करायला हरकत नाही. आणि तुम्ही मॅनेजर असाल, कायद्याच्या व्याख्येतले कामगार नसाल, तर कराराचा वाद बहुधा दिवाणी कोर्टात जातो. तिथे तारखा लांबतात आणि खर्च वाढतो, तेव्हा आकड्यावर आणखी घट्ट राहा.