देवस्थानाच्या ठेवीतून ड्रोन कंपनीचे शेअर घ्यावेत का?

तुम्ही विचारलंय की परदेशातल्या काही चर्चचा पैसा लष्करी ड्रोनशी संबंधित कंपन्यांत असतो असं वाचलं, तर धार्मिक संस्थेने असं करावं का, आणि आपली देवस्थानं असं करू शकतात का.

करू नये, असं माझं मत आहे. बेळगाव तालुक्यातल्या आमच्या गावच्या देवस्थान कमिटीचा मी अकरा वर्षं खजिनदार आहे आणि हाच प्रश्न आमच्या मीटिंगमध्ये आला होता, म्हणून सविस्तर लिहितो.

२०२५ च्या मे महिन्यात ऑपरेशन सिंदूर झालं तेव्हा टीव्हीवर सकाळ-संध्याकाळ ड्रोनच होते. पुढच्या मीटिंगला एक तरुण सभासद म्हणाला, "काका, एफडीवर काय मिळतंय? नागपूरची कंपनी ड्रोन करत्येय, तिचे शेअर घेऊया की. पैसा पण वाढतो, देशाचं काम पण होतंय." चार जणांनी लगेच माना डोलावल्या. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर बेळगावात, माझा धाकटा भाऊ तिथूनच भरती झालेला. अशा गावात "नको" म्हणणारा माणूस फौजेच्या विरोधात आहे असं वाटायला वेळ लागत नाही.

आधी कायदा बघितला. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ११(५) मध्ये धर्मादाय संस्थांनी पैसे कुठे ठेवायचे याची यादीच होती. २०२५ च्या नव्या कायद्यातही अशी यादी आहे. सरकारी रोखे, पोस्ट, बँकेतल्या ठेवी, म्युच्युअल फंड वगैरे त्यात बसतात. खासगी कंपनीचे शेअर थेट घेतले तर करसवलत धोक्यात येते. म्हणजे नागपूरच्या कंपनीचा विषय तिथेच संपला. पण सरकारी कंपनी त्या यादीत चालते! हिंदुस्थान एरोनॉटिक्स आणि भारत इलेक्ट्रॉनिक्स या दोन्ही सरकारी. भारत इलेक्ट्रॉनिक्स रडार करते, ड्रोन पाडायची यंत्रणा करते. तेव्हा "आपल्याकडे कायद्यानेच बंदी आहे" असं कुणी सांगितलं तर ते अर्धंच खरं.

याहून आडवळणाची वाट म्युच्युअल फंडाची आहे. भारत इलेक्ट्रॉनिक्स सप्टेंबर २०२४ पासून निफ्टी ५० मध्ये, म्हणजे शेअर बाजारातल्या पन्नास मोठ्या कंपन्यांच्या यादीत आहे. एखाद्या देवस्थानाने "सुरक्षित" म्हणून निफ्टीचा इंडेक्स फंड, म्हणजे त्या यादीतल्या सगळ्या कंपन्यांत पैसे घालणारा फंड, घेतला असेल तर संरक्षण कंपनीतला वाटा त्यांच्याकडे आलेलाच आहे, मीटिंगमध्ये एक शब्दही न बोलता.

चर्च ऑफ इंग्लंडचं असंच झालं होतं. २०१३ मध्ये त्यांचे तेव्हाचे मुख्य धर्मगुरू, आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी वोंगा नावाच्या, भरमसाट व्याज लावणाऱ्या कंपनीविरुद्ध जाहीर भूमिका घेतली आणि दुसऱ्याच दिवशी बातमी आली की एका गुंतवणूक फंडामार्फत चर्चचाच थोडा पैसा वोंगात आहे. त्या चर्चचे शस्त्रांबाबत नियम आहेत. अण्वस्त्रं, भूसुरुंग, क्लस्टर बॉम्ब यांच्याशी संबंध असलेली कंपनी मुळीच नको, आणि इतर लष्करी सामानातून ज्या कंपनीची १० टक्क्यांहून जास्त उलाढाल होते तीही नको. नियम चांगला आहे. पण ड्रोनला तो पुरत नाही. ड्रोन म्हणजे मोटर, बॅटरी, कॅमेरा, चिप. आमच्याकडे उसावर औषध फवारायला ड्रोन येतो, त्याच्या पोटातही हेच सामान असतं. विमानाचं इंजिन किंवा कॅमेरे करणाऱ्या मोठ्या कंपनीच्या उलाढालीत लष्करी ड्रोनचा हिस्सा पाच टक्केच असला तर ती या चाळणीतून सहज खाली उतरते. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत, फाउंड्रीत काम केलेल्या कुणालाही विचारा, ओतलेला भाग पुढे कशात बसणार हे ओतणाऱ्याला दर वेळी ठाऊक असतंच असं नाही.

अमेरिकेतल्या मॉर्मन चर्चची गोष्ट मला जास्त लागली. त्यांच्या गुंतवणूक संस्थेने कित्येक वर्षं आपले शेअर नावापुरत्या कंपन्यांच्या नावाने दाखवले, कारण आकडा बाहेर पडला तर लोक काय म्हणतील ही धास्ती. २०१८ पर्यंत तो आकडा सुमारे ३२ अब्ज डॉलर झाला होता. २०२३ मध्ये तिथल्या शेअर बाजार नियामकाने चर्च आणि ती संस्था मिळून ५० लाख डॉलर दंड केला. तिथे प्रश्न ड्रोनचा नव्हता, लपवण्याचा होता. पण ज्यांच्या दानावर हे उभं राहिलं त्यांना न सांगता केलेली गुंतवणूक शस्त्रांत असो की साबणात, मला ती चूकच वाटते.

आमच्या मीटिंगमध्ये शेवटी एक रिटायर्ड सुभेदार उठले. कारगिलच्या वेळी सीमेवर असलेला माणूस. म्हणाले, "फौजेला लागतंय ते सरकार देतंय, त्यासाठी आम्ही टॅक्स भरतोय. देवीच्या ओटीतले पैसे त्यात कशाला?" माझ्या मनातलंच ते बोलले. पेटीत ५१ रुपये टाकणारी बाई नातवाचा ताप उतरावा म्हणून टाकते. ते पैसे कुठल्या कामाला लागावेत हे तिच्या डोक्यात पक्कं असतं : दिवाबत्ती, महाप्रसाद, देवळाचं छप्पर, पंढरपूरला जाणाऱ्या दिंडीचा शिधा. युद्ध न्याय्य असेल, ड्रोनने आपले जवान वाचत असतील, हे मी मनापासून मानतो. तरी त्या शेअरचा भाव लढाई पेटली की वर जातो, आणि देवळाच्या खजिनदाराने त्या भावाकडे डोळे लावून बसावं हे मला सहन होत नाही. लढाई पेटेल तेव्हा माझा भाऊ सीमेवर असेल.

ठेव बँकेतच राहिली. त्या तरुण सभासदावर मी रागावलो नाही. पैसा नुसता पडून राहू नये ही त्याची तळमळ खरी आहे, आणि पूर्वी एका सोसायटीत आमची रक्कम अडकली होती तेव्हा धावपळही त्यानेच केली. त्याच्याच सूचनेवरून एक ठराव झाला. पाडव्याला देवळात हिशेब वाचतो तेव्हा आतापर्यंत फक्त जमा-खर्च वाचायचो. आता पैसे कुठे ठेवलेत, बँकेचं नाव, व्याजदर, आणि पुढेमागे फंड घेतलाच तर त्यात कुठल्या कंपन्या आहेत, तेही वाचायचं. तुमच्या गावच्या कमिटीला निदान एवढं विचारून बघा.