अमेरिकेत कॉलेजमधल्या लैंगिक अत्याचाराचे खटले कोर्टात टिकत का नाहीत?

कारण बहुतेक वेळा दोघं एकमेकांना ओळखत असतात, पार्टीत दारू झालेली असते आणि खोलीत तिसरं कुणीच नसतं. मग सगळा वाद संमतीवर येऊन थांबतो. फौजदारी खटल्यात ज्यूरीतल्या, म्हणजे निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या गटातल्या सगळ्यांना, वाजवी शंका उरणार नाही इतकी खात्री पटावी लागते. मुलगी बेशुद्ध होती म्हणून तिला काही आठवत नसेल, तर बचावाचा वकील नेमकं तेच तिच्याविरुद्ध वापरतो. ही गोष्ट मला फार अन्यायाची वाटते.

स्टॅनफर्ड विद्यापीठातलं २०१५ चं प्रकरण बघा. सायकलवरून जाणाऱ्या दोन विद्यार्थ्यांनी अत्याचार प्रत्यक्ष पाहिला, आरोपीला पकडून ठेवलं. इतका पुरावा क्वचितच मिळतो. २०१६ मध्ये तीन गुन्हे सिद्ध झाले, सरकारी पक्षाने सहा वर्षं मागितली, शिक्षा झाली सहा महिने, आणि तो तीन महिन्यांत सुटला! लोक इतके संतापले की २०१८ मध्ये मतदारांनी त्या न्यायाधीशांनाच पदावरून हटवलं. जिच्या बाजूने एकही साक्षीदार नाही, तिने मग कशाच्या भरवशावर तक्रार करावी?

त्यात पार्टीतले साक्षीदार असलेच तर ते दोघांचे सामायिक मित्र. ते गप्प बसतात किंवा दोन बाजूंत वाटले जातात.

तुमची मुलगी किंवा बहीण तिकडे शिकत असेल तर एवढं तिला सांगून ठेवा: कॉलेजची चौकशी आणि पोलीस तक्रार या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पोलिसांकडे जायचं ठरलं नसलं तरी हॉस्पिटलमध्ये वैद्यकीय पुरावा घेऊन ठेवता येतो. तो लवकरात लवकर, शक्यतो आंघोळीआधी.