डुरो लाडिपो: नट, नाटककार की लोककलावंत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नायजेरियन नाटककार वोले सोयिंकांबद्दल वाचताना डुरो लाडिपो हे नाव आढळलं, तर हा माणूस नट होता, नाटककार होता की संगीतकार? आणि त्याला योरुबांचा (हा नायजेरियातला एक मोठा समाज) लोककलावंत म्हणावं का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बहुतेकांची गफलत तिथेच होते. लोककलावंत म्हणू नका. लोककलावंताला परंपरा घरात मिळते. लाडिपोच्या घरात ती मिळणं शक्यच नव्हतं. तो मोठेपणी, जाणूनबुजून, शिष्य होऊन तिच्याकडे गेला. त्याचं सगळं काम यातून आलंय.

जन्म 18 डिसेंबर 1931, नैऋत्य नायजेरियातल्या ओशोग्बोचा. वडील अँग्लिकन चर्चचे धर्मोपदेशक. ‘डुरो’ म्हणजे ‘थांब, जाऊ नकोस’. आधीची भावंडं जगली नव्हती, असं सांगतात. आपल्याकडे अशा घरात धोंडू, दगडू अशी नावं ठेवत, म्हणजे मृत्यूची नजर पडू नये. योरुबा आईबाप मुलालाच विनवतात, की बाबा, राहा. घरात प्रार्थनागीतं, आणि रस्त्यावर विजेचा देव शांगो याचे भक्त, एगुंगुनचे म्हणजे पूर्वजांचे मुखवटे, ढोल. ते बघायला पोरगा चोरून जायचा. पुढे तो शाळामास्तर झाला आणि चर्चसाठी संगीतरचना करू लागला.

1960 साली ओशोग्बोच्या ऑल सेंट्स चर्चमध्ये त्याने ईस्टरसाठी रचलेल्या गायनात योरुबा ढोल आणले आणि वादंग माजलं. हे वादंग का, ते कळल्याशिवाय लाडिपो कळत नाही, म्हणून इथे जरा थांबतो.

योरुबा ही सुरांवर चालणारी भाषा आहे. उंच, मधला आणि खालचा असे तीन सूर, आणि सूर बदलला की शब्दच बदलतो. ‘ओको’ हा एकच उच्चार घ्या. सुरांच्या चार वेगळ्या जोड्यांनी त्याचे अर्थ होतात नवरा, कुदळ, नाव (पाण्यावरची) आणि भाला. आता योरुबा शब्द एखाद्या इंग्रजी प्रार्थनागीताच्या चालीवर बसवून पाहा. चाल वर जाते तिथे शब्दाला खाली जायचं असतं. गाणारा श्रद्धेने एक म्हणतो, कानाला दुसरंच ऐकू येतं. चर्चमध्ये पिढ्यानपिढ्या हेच चाललं होतं.

मी तबला वाजवतो, त्यामुळे मला ही गोष्ट फार जवळची वाटते. आपल्या तबल्याचे बोल ही वाद्यासाठी बनवलेली भाषा आहे. दुंदुनचं उलट आहे. डमरूसारख्या आकाराचा हा ढोल काखेत धरतात, त्याच्या वाद्या दाबून सूर वरखाली करतात आणि वाकड्या काठीने वाजवतात. माणसाच्या बोलण्यातला चढउतार तो जसाच्या तसा उचलतो. जाणकार ऐकणाऱ्याला त्यातून वाक्यं कळतात, म्हणी कळतात, राजाची बिरुदं कळतात. लाडिपोने चर्चमध्ये ढोल आणले म्हणजे नुसता ठेका बदलला नव्हता, त्याने भाषेला तिचे सूर परत दिले होते. पण चर्चमधल्या मंडळींना ढोल म्हटलं की जुनी दैवतं दिसत. त्यांची भीती मला खोटी वाटत नाही, कारण बाता नावाचा ढोल खरोखरच शांगोच्या पूजेतला आहे.

मग लाडिपोने चर्चबाहेर जागा शोधली. 1961 साली इबादान शहरातल्या म्बारी या लेखक-कलावंतांच्या क्लबमध्ये त्याने नाताळचं गायन सादर केलं. तिथून प्रेरणा घेऊन ओशोग्बोत स्वतःच्या जागेत तसंच केंद्र काढलं. ते 17 मार्च 1962 रोजी ‘ओबा मोरो’ या त्याच्या नाटकाने उघडलं. ‘म्बारी’ हा मुळात इग्बो शब्द. ओशोग्बोच्या लोकांनी तो आपल्या भाषेत वळवून घेतला आणि केंद्राचं नाव पडलं ‘म्बारी म्बायो’, म्हणजे साधारण ‘पाहिलं की आनंद होईल’.

1963 साली आलेलं ‘ओबा कोसो’ हे त्याचं सर्वात मोठं काम. कथा ओयो या जुन्या योरुबा राज्याच्या राजाची, शांगोची. प्रजा युद्धांना कंटाळलेली, आणि तिमी व ग्बोंका हे दोन सेनापती डोईजड झालेले. शांगो तिमीला सीमेवर एडे इथे धाडतो. वाटतं, ब्याद टळली. तिमी तिथे आणखी बळावतो. मग त्याला पकडून आणायला ग्बोंकाला पाठवतो, या आशेने की दोघांपैकी एक तरी संपेल. ग्बोंका मंत्र म्हणून तिमीला झोपवतो आणि बांधून आणतो. दुसऱ्या लढतीत तो तिमीला मारतो आणि मग राजाकडेच वळतो. संतापाच्या भरात शांगो आपल्याच माणसांचा संहार करतो. राणी ओयाही त्याला सोडून जाते. शेवटी तो झाडाला गळफास घेतो. भक्त मात्र म्हणतात, ‘ओबा को सो’, राजाने फास घेतलाच नाही. तो आकाशात गेला, वीज झाला. या नावात आणखी एक पदर आहे: कोसो हे शांगोच्या स्थानाचंही नाव आहे, त्यामुळे ‘कोसोचा राजा’ असाही अर्थ निघतो.

या नाटकात शांगो स्वतः लाडिपो व्हायचा आणि ओया त्याची पत्नी अबिओडुन. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे: तो लिहायचा, रचायचा, मंडळी चालवायचा आणि मध्यभागी उभा राहून गायचा. यातलं एक काढलं तर बाकीचं कोसळतं. माझ्या मते तो आधी संगीतकार होता आणि त्यामुळेच मोठा नाटककार झाला.

त्याच्याआधी ह्युबर्ट ओगुंडेने फिरती व्यावसायिक नाटक मंडळी उभी केली होती. तो योरुबा रंगभूमीचा पाया, पण त्याच्याकडे सॅक्सोफोन होता, शहरी नाचगाणं होतं. लाडिपोने ते सगळं बाजूला ठेवलं. ओरिकी म्हणजे स्तुतिकवनं, शिकाऱ्यांचं इजाला, मंत्र, बाता आणि दुंदुन, एवढ्यावर त्याने अख्खं नाटक पेललं. तिमी आणि ग्बोंका तलवारीइतकेच शब्दांनी लढतात. यातलं काहीही त्याला आयतं मिळालं नव्हतं. धर्मोपदेशकाच्या मुलाने ते जुन्या जाणत्यांकडून मिळवलं. एडे हे गाव ओशोग्बोच्या शेजारीच आहे, आणि त्या काळी तिथल्या गादीवर असलेला ‘तिमी’ (एडेच्या राजाची ही पदवी), राजा लाओये, स्वतः बोलत्या ढोलांचा नामांकित जाणकार होता. नाटकातल्या पात्राचा गादीवरचा वारस हाकेच्या अंतरावर!

‘ओबा कोसो’ 1964 साली बर्लिनच्या महोत्सवात आणि 1965 साली ब्रिटनमध्ये राष्ट्रकुल कला महोत्सवात झालं. भाषा न कळणाऱ्या प्रेक्षकांनीही ते डोक्यावर घेतलं.

उल्ली बायर या जर्मन अभ्यासकाचं नाव तुम्हाला सगळीकडे दिसेल. त्याने पाठबळ दिलं, भाषांतरं केली, जगाशी ओळख करून दिली. हे ऋण खरं आहे. पण काही लेखांत असं चित्र रंगवतात, की बायरने लाडिपोला घडवलं. त्याला माझा ठाम विरोध आहे. चर्चमधला वाद लाडिपोने स्वतःच्या कानाच्या जोरावर ओढवून घेतला होता.

तुम्ही सोयिंकांकडून इथे आलात, म्हणून ‘ओबा वाजा’बद्दल सांगायलाच हवं. 1964 सालचं हे नाटक. ओयोत राजा वारल्यावर त्याच्या अश्वपालाने प्रथेप्रमाणे मागोमाग मरायचं असतं. इंग्रज अधिकारी मध्ये पडतो, आणि बापाऐवजी मुलगा जीव देतो. 1940च्या दशकात खरोखर घडलेली ही घटना. सोयिंकांचं याच घटनेवरचं प्रसिद्ध नाटक ‘डेथ अँड द किंग्ज हॉर्समन’ 1975 सालचं, म्हणजे लाडिपोनंतर अकरा वर्षांनी. दोन्ही जरूर शेजारी ठेवून वाचा. लाडिपोचं अगदी छोटं आहे.

पुढे ‘मोरेमी’ आणि ‘एडा’ आली, टेलिव्हिजनवरही काम झालं. 11 मार्च 1978 रोजी तो गेला. वय अवघं 46.

सुरुवात कुठून करायची, तर ‘ओबा कोसो’च्या ध्वनिमुद्रणापासून. भाषांतर पहिल्या खेपेस उघडू नका. वर दिलेली कथा डोक्यात असू द्या आणि ग्बोंका तिमीला झोपवतो तो प्रसंग लावा. आधी माणसाचा आवाज ऐका, मग त्याच्या मागचा ढोल, मग पुन्हा आवाज. तिसऱ्या-चौथ्या वेळी ढोल काय म्हणतोय याचा अंदाज यायला लागेल. मला बराच वेळ लागला होता. तुम्हाला आला की इथे लिहा, मी वाट बघतोय.