पुण्यातून गुलमर्गला पहिल्यांदाच स्कीइंग शिकायला जातोय, जॅकेट कोणतं घेऊ?

जाड जॅकेटच्या मागे लागू नकोस. शिकताना सारखं पडणं, उठणं, स्की खांद्यावर टाकून चढ चढणं चालू असतं, त्यात मरणाचा घाम येतो आणि मग जरा थांबलं की तोच घाम थंडी वाजवतो, म्हणून आतली वाफ बाहेर जाईल पण बर्फाचं पाणी आत येणार नाही असं शेल जॅकेट, म्हणजे आत अस्तराची ऊब नसलेलं पातळ बाहेरचं जॅकेट, बघ. टॅगवर वॉटरप्रूफ १०,००० मिमी आणि ब्रीदेबिलिटी, म्हणजे वाफ बाहेर सोडण्याची क्षमता, १०,००० ग्रॅमच्या आसपास दिसलं की बास, त्यापुढे उगाच पैसे घालवणं. शिवणींना आतून टेप आहे ना ते जॅकेट उलटं करून स्वतः बघ, दुकानदार काहीही सांगू दे. काखेत झिप हवीच, आणि आत कमरेला स्नो स्कर्ट, म्हणजे अंगाला घट्ट बसणारी इलॅस्टिकची पट्टी, नाहीतर आपटलास की बर्फ थेट पाठीत. हूड हेल्मेटवरून येतो का तेही बघ.

ऊब आतल्या कपड्यांनी आणायची: मेरिनो लोकरीचं किंवा सिंथेटिक थर्मल, वर फ्लीस (मऊ, उबदार सिंथेटिक जाकीट). कॉटन टीशर्ट अजिबात नको, ओला झाला की वाळत नाही. ट्रायलला फ्लीस घालूनच जा आणि हात वर करून बघ, कंबर उघडी पडली तर एक साइज मोठा. आपला सिंहगडवाला विंडचीटर यात चालणार नाही हां.

आणि खरं सांगू का, पुण्यात हे परत घालणार कधी? एकदाच जायचं असेल तर गुलमर्गला बूट-स्कीसोबत जॅकेटपण भाड्याने मिळतं, फक्त गॉगल आणि वॉटरप्रूफ ग्लोव्हज स्वतःचे ने.