सान हुआनचा थांबा: बोटीची सहल न घेता

डिसेंबरात फ्लोरिडाहून क्रूझ, सोबत सासू-सासरे आणि ९ व १३ वर्षांची मुलं. प्वेर्तो रिकोची राजधानी सान हुआन, तिथे बोट दुपारी १ ला लागणार, रात्री १० ला सुटणार. बंदरात उतरल्यावर बोटवाले फिरवायला नेतात त्या सहलीचा माणशी भाव सहाने गुणल्यावर डोळे पांढरे झाले, तर मग काय बोटीतच बसून राहायचं का, असं तुम्ही विचारलंय.

अजिबात नाही. कॅरिबियनमधल्या बऱ्याच बंदरांत काहीही बघायचं तर गाडी करावीच लागते. सान हुआनचं तसं नाही. जुनं शहर एका चिंचोळ्या बेटावर आहे आणि धक्का त्याच्या पायथ्याशीच. बोटीवरून उतरलात, रस्ता ओलांडलात की तुम्ही शहरात. त्यामुळे ‘जुनं शहर आणि किल्ले’ या सहलीत तुम्ही पैसे मोजता ते डोळ्यांसमोर दिसणाऱ्या ठिकाणी बसने नेऊन सोडण्याचे. ते वाचवा.

आधी एवढं तपासा की बोट कुठल्या धक्क्याला लागणार. १, ३ आणि ४ नंबरचे धक्के जुन्या शहराला लागून आहेत. पण काही बोटी पॅन अमेरिकन पिअरला लागतात. तो खाडीच्या पलीकडे, तिथून टॅक्सी करावीच लागेल. सहा जणांना मोठी गाडी लागते, म्हणून बसण्याआधी भाडं विचारून घ्या.

प्वेर्तो रिको अमेरिकेचाच भाग, त्यामुळे डॉलर चालतो आणि अमेरिकेतले बहुतेक फोन प्लॅनही जादा पैसे न देता चालतात. मात्र सान हुआनच्या आधी सेंट मार्टेनसारखं परदेशी बंदर लागणार असेल, तर उतरण्यापूर्वी अमेरिकन इमिग्रेशनची तपासणी होऊ शकते आणि त्यात वेळ जातो. सासू-सासऱ्यांचे पासपोर्ट केबिनच्या तिजोरीत ठेवून देऊ नका. त्यांचा व्हिसा मल्टिपल एन्ट्री आहे ना, तेही आताच बघा.

आता किल्ले. दोन आहेत, सान क्रिस्तोबाल आणि एल मोरो. दोन्ही नॅशनल पार्क सर्व्हिस या अमेरिकन सरकारी खात्याकडे आहेत. १६ आणि त्यावरच्यांना माणशी १० डॉलरचं तिकीट, तेच दोन्हीकडे २४ तास चालतं. १५ आणि त्याखालच्यांना फुकट. म्हणजे तुमच्या सहा जणांचे मिळून ४० डॉलर. आणि तुमच्याकडे नॅशनल पार्कचा वार्षिक पास असेल तर तेही नाहीत, कारण माणशी तिकीट असलेल्या ठिकाणी पासधारकाबरोबर आणखी तीन मोठी माणसं जातात. ज्येष्ठांच्या स्वस्त पासाचा विचार करू नका, तो अमेरिकन नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांनाच मिळतो.

तुमची खरी अडचण पैशांची नाही, वेळेची आहे. किल्ले पाचच्या आधीच बंद होतात आणि तुम्ही उतरेपर्यंत दीड वाजेल. म्हणून आधी किल्ले, बाकी सगळं नंतर. दुकानं, आइस्क्रीम, फोटो, काहीही असो, वाटेत थांबू नका. जुन्या लेखांमध्ये फुकट ट्रॉलीचा उल्लेख सापडेल, तिच्या भरवशावर बेत आखू नका. धक्क्यापासून किल्ल्यांपर्यंत चढ आहे आणि रस्त्यांवर निळसर विटा बसवलेल्या आहेत. लोखंडाच्या भट्टीतल्या मळीपासून ओतलेल्या या विटा दिसायला देखण्या, पण पावसाची एक सर आली की पाय घसरलाच. सासूबाईंना चपला नकोत, बूटच घाला म्हणावं. गुडघ्यांसाठी माझा हिशोब सोपा आहे: चढ गाडीने, उतार पायी. धक्क्यावरून टॅक्सीने थेट सान क्रिस्तोबालच्या दारात जा. दिवसभरातला एवढाच टॅक्सीचा खर्च.

सुरुवात सान क्रिस्तोबालपासून करा, असं मी सगळ्यांना सांगतो. बहुतेक लोक उलट करतात. फोटोत एल मोरो जास्त दिसतो, म्हणून तिकडे धावतात आणि सान क्रिस्तोबालपर्यंत पोचेतो दार बंद झालेलं असतं. पण गडकिल्ल्यांची आवड असलेल्या माणसाला हा जास्त भावतो. स्पॅनिशांनी अमेरिका खंडात बांधलेला हा सर्वांत मोठा किल्ला, साधारण २७ एकरांचा. तो का बांधला ते कळलं की दोन्ही किल्ले एकदम उलगडतात. एल मोरोचं काम १५३९ मध्ये सुरू झालं, तोंड समुद्राकडे. १५९५ मध्ये इंग्रजांचा दर्यावर्दी फ्रान्सिस ड्रेक आला, त्याला तोफांनी परतवून लावलं. तीनच वर्षांनी कंबरलंडचा अर्ल, म्हणजे आणखी एक इंग्रज सरदार, आला. त्याने शहाणपणा केला, पूर्वेला उतरून जमिनीवरून चालून आला आणि किल्ला घेतला. पुढे त्याचीच माणसं आमांशाने बेजार झाली आणि त्याला निघून जावं लागलं. १६२५ मध्ये डच आले. त्यांना एल मोरो काही मिळाला नाही, पण जाताना त्यांनी शहर जाळलं. त्यानंतर स्पॅनिशांनी जमिनीकडची बाजू बांधायला घेतली, तोच हा सान क्रिस्तोबाल. एका खंदकामागे दुसरा खंदक, एका बुरुजाच्या माऱ्यात दुसरा बुरूज. शत्रूने बाहेरचा भाग घेतला तरी तो आतल्या तोफांसमोर उघडा पडणार.

आत गेल्यावर दोन गोष्टी चुकवू नका. एक म्हणजे मधल्या चौकाखालच्या पाण्याच्या टाक्या. पावसाचं पाणी चौकात आणि गच्च्यांवर पडून थेट खाली पाच मोठ्या टाक्यांमध्ये उतरतं. किल्ल्यात विहीर नाही, वेढा पडला तर याच पाण्यावर जगायचं. सासऱ्यांना गडांवरच्या टाक्यांची सवय असेल तर इथे ते पंधरा मिनिटं हलणार नाहीत. दुसरी म्हणजे भुयारातली कैद्यांची कोठडी. भिंतीवर कुणा कैद्याने शिडांच्या जहाजांची चित्रं काढलेली आहेत. डोलकाठ्या, दोरखंड, निशाणं, सगळं इतकं नेमकं की काढणारा जहाजावरचाच माणूस असावा असं वाटतं. आत अंधार आहे. घाईने डोकावून परत फिरणाऱ्यांना काहीच दिसत नाही, डोळे सरावेपर्यंत थांबा.

मुलांसाठी आणखी एक: तिकीट घेताना ज्युनियर रेंजरची पुस्तिका मागा. किल्ल्यात फिरून उत्तरं लिहायची, रेंजरला दाखवायची, बिल्ला मिळतो. ९ वर्षांचं पोर त्या बिल्ल्यासाठी कुरकुर न करता दोन किल्ले चढतं. १३ वर्षांचं नाक मुरडेल, पण कोडी तेच सोडवेल.

तीनच्या सुमारास तिथून निघा. नोर्सागाराय रस्त्याने पश्चिमेला सरळ चालत गेलं की साधारण दीड किलोमीटरवर एल मोरो. उजवीकडे समुद्र, डावीकडे रंगीत घरं. उजव्या हाताला तटाखाली जी दाटीवाटीची वस्ती दिसते ती ला पेर्ला. वरून बघा. खाली जायचं असेल तर लोकांच्या दारात कॅमेरे रोखू नका, तिथे माणसं राहतात. पुढे समुद्राला टेकलेलं पांढऱ्या थडग्यांचं कब्रस्तान लागतं.

एल मोरोत सहा मजले आहेत, समुद्रसपाटीपासून साधारण १४० फूट उंच. दारापर्यंतचं मोकळं मैदान उन्हातलं आहे, सावलीचं झाड नाही, पाण्याच्या बाटल्या भरूनच घ्या. सासू-सासऱ्यांनी मुख्य चौकाच्या पातळीवर राहिलं तरी भरपूर बघून होतं. खालच्या तोफांकडे नेणारा उतार चांगलाच तीव्र आहे, तो मुलांना आणि तुम्हाला. वर तीन झेंडे दिसतील: अमेरिकेचा, प्वेर्तो रिकोचा आणि तिसरा पांढऱ्यावर लाल खडबडीत फुलीचा, तो स्पॅनिश लष्कराचा जुना झेंडा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन लष्कराने वर काँक्रीटची टेहळणीची ठाणी बांधली, तीही तशीच उभी आहेत. तटाच्या कोपऱ्यांवरच्या घुमटीदार चौक्यांत उभं राहून फोटो काढायला रांग लागते. शेवटच्या अर्ध्या तासात ती ओसरते.

किल्ला बंद झाला की बाहेरच्या मैदानात बसा. दिवसातला सगळ्यांत चांगला तास हाच, आणि फुकट. समुद्रावरून वारा एकसारखा येत असतो आणि इथली माणसं पोराबाळांसकट पतंग उडवायला जमतात. पतंगाला इथे चिरिंगा म्हणतात, मैदानाजवळ विकायलाही असतात. एक घ्या आणि सासऱ्यांच्या हातात द्या. काटाकाटी मात्र चालत नाही, मांजा नसतो, नुसती ढील द्यायची. डिसेंबरात सहाच्या आसपास सूर्य मावळतो.

मग उतरणीने सान हुआनच्या लाल दरवाज्यातून तटाबाहेर पडा. पाण्याकाठी, त्या प्रचंड भिंतीच्या सावलीतून पायवाट जाते. मांजरी भेटतील. तिथून पासेओ दे ला प्रिन्सेसा या झाडांच्या रस्त्याने परत धक्क्याकडे. संपूर्ण सपाट, दिवे असतात, गाणीबजावणी असते, बसायला बाकडी आहेत.

जेवण बोटीवर फुकट आहेच, त्यामुळे इथे चव घेण्यापुरतंच खा. हातगाडीवर बर्फाच्या लादीवर लोखंडी रंधा मारून गोळा करून देतात, पिराग्वा म्हणतात. पेल्यात टोकदार बर्फ आणि वर पाक. चिंचेचा घ्या, मुलांना पॅशनफ्रूटचा आवडेल. शाकाहारी असाल तर सांभाळून. मोफोंगो म्हणजे कच्ची केळी तळून लाकडी खलात लसणाबरोबर कुटलेला गोळा. वाफाळता समोर आला की लसणाच्या वासानेच भूक लागते, पण कुटताना त्यात डुकराची कुरकुरीत चरबी घालायची पद्धत आहे. राजम्यासारख्या उसळीतही हॅमचे तुकडे निघतात. ‘सिन कार्ने, सिन हामोन’ असं दोन्ही सांगा, नुसतं ‘व्हेजिटेरियन’ म्हणून भागत नाही. तोस्तोनेस, म्हणजे दोनदा तळलेल्या कच्च्या केळ्याच्या चकत्या, साधारणपणे निर्धोक. बोटीवरची फळं किंवा शिजवलेलं अन्न पिशवीत घालून खाली आणू नका, त्याला बंदी आहे.

काय सोडावं? बाकार्डीचा रमचा कारखाना सोडा, मुलांना त्यात काही नाही. एल युन्केचं जंगल सुंदर आहे, पण तासाभराच्या अंतरावर, आणि दुपारी १ ला उतरून स्वतःच्या भरवशावर जाण्यात अर्थ नाही. तिथे जायचंच असेल तर बोटीचीच सहल घ्या. उशीर झाला तर बोट आपल्या सहलीची बस येईपर्यंत थांबते, तुमच्या टॅक्सीसाठी थांबत नाही. समुद्रस्नान हवं असेल तर एस्कांब्रोन किनारा जवळ आहे, पण या वेळापत्रकात किल्ले किंवा किनारा, दोन्ही नाही. पाय दुखत असतील आणि तास उरला असेल तर २ नंबरच्या धक्क्यावरून खाडीपलीकडच्या कातान्यो गावाची फेरीबोट घ्या. तिकीट अर्धा डॉलर, खाडी ओलांडायला दहाएक मिनिटं, पाण्यावरून तटबंदी दिसते. लगेच परत फिरायचं, आणि परतीची शेवटची बोट किती वाजता आहे ते चढण्याआधीच विचारायचं.

राहता राहिलं घड्याळ. प्वेर्तो रिको हिवाळ्यात फ्लोरिडाच्या एक तास पुढे असतं. काही बोटी आपली घड्याळं बदलतात, काही बदलत नाहीत आणि तुमचा फोन मात्र न विचारता बदलतो. उतरण्यापूर्वी बोटीवरच्या भिंतीवरचं घड्याळ बघा आणि कुणातरी एकाच्या मनगटावर तीच वेळ ठेवा. रोजच्या पत्रकात परत चढायची वेळ छापलेली असते. ती सुटण्याच्या वेळेच्या बरीच आधीची असते, तिचा फोटो काढून सगळ्यांच्या फोनवर पाठवा.