जुनी पोलो जीटी टीएसआय घेताय? आधी गिअरबॉक्स बघा

मित्रा, सगळं बजेट गाडीच्या किमतीतच संपवू नकोस. निदान लाखभर रुपये बाजूला ठेव, कारण १.२ लिटर इंजिनाच्या या गाडीचा खरा खर्च ७-स्पीड डीएसजीत, म्हणजे दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये आहे. त्यातलं मेकाट्रॉनिक युनिट, म्हणजे गिअर आणि क्लच चालवणारा कंट्रोल भाग, गेलं की बिल सहज लाखाच्या घरात जातं.

मालकाला आधीच सांग, आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचल्यावर बॉनेटला हात लावून बघ, गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा. थंड इंजिन सुरू होताना खडखड येते का, ते कान देऊन ऐक. मग अर्धा तास गर्दीत चालव. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगताना गाडी थरथरली किंवा चढावर उचलताना धक्का बसला, तर क्लच संपत आलाय. रिकाम्या हायवेवर हे कळतच नाही, आणि विकणारे नेमके तिथेच नेतात.

रिमॅप केलेली, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनचं सॉफ्टवेअर बदललेली गाडी मी तरी घेणार नाही. सर्व्हिस हिस्टरी, थकलेली ई-चलनं, कर्जाची एनओसी तपासूनच टोकन दे. रंगावर ओरखडे असले तर असू देत.