साध्या एक्स्टेंशन बोर्डात सर्ज प्रोटेक्शन, म्हणजे व्होल्टेजच्या अचानक उसळीपासून संरक्षण, घरच्या घरी बसवता येतं का?

येतं. पण "फ्यूज आहे ना, मग हे कशाला?" असं म्हणणारं कोणी घरात असेल तर आधी त्याची समजूत काढा. आमच्याकडे ते खातं दाजींकडे आहे.

फ्यूज उडतो तो करंट वाढल्यावर, तोही तार वितळेपर्यंत वेळ घेऊन. व्होल्टेजची उसळी मायक्रोसेकंदांत येऊन टीव्हीचा सप्लाय फोडून गेलेली असते. तिला आडवी जाते ती एमओव्ही (मेटल ऑक्साइड व्हॅरिस्टर), झिंक ऑक्साइडची निळी चकती: एरवी गप्प बसते, व्होल्टेज उसळलं की उसळी स्वतःतून वळवते. इलेक्ट्रॉनिक्सच्या कुठल्याही पार्टवाल्याकडे मिळते. सिडकोतल्या आमच्या घरी टीव्हीच्या बोर्डात मी तीन बसवल्या: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. 20 मिमीच्या, 275 व्होल्टच्या, आणि फ्यूजच्या पुढे, म्हणजे करंट आधी फ्यूजमधून जाऊन मग चकतीकडे येईल अशा. लाईन 230 ची म्हणून 250 ची घेऊ नका, रात्री लोड उतरला की व्होल्टेज चढतं आणि चकती फुकट तापते. मी डाग देत (सोल्डरिंग करत) असताना दाजी म्हणाले, "टिकल्या लावून वीज थांबते होय?"

त्याच वर्षी मे महिन्यात वळिवाच्या वादळात खांबावरचा न्यूट्रल तुटला. समोरच्या घरांतले दिवे मिणमिणायला लागले आणि आमच्या स्वयंपाकघरातला बल्ब डोळ्यांत खुपेल असा पेटला. मी मेनकडे धावेपर्यंत टीव्हीमागे फाट्कन आवाज, जळका वास. बोर्ड उघडला तर फेज-न्यूट्रलची चकती तडकून दोन तुकडे, फ्यूजची काच आतून काळीठिक्कर. टीव्हीला ओरखडा नाही. वरच्या मजल्यावर दाजींचा टीव्ही आणि सेट टॉप बॉक्स दोन्ही गेले. मीटर एकच, फेज एकच, बोर्डसुद्धा एकाच दुकानातला. दाजींच्या मते हा योगायोग! दुरुस्तीचं बिल ताईनं दाखवलं तेव्हाही योगायोगच.

आता खरं सांगायचं तर न्यूट्रल तुटणं हे एमओव्हीचं कामच नाही. ती क्षणभराच्या उसळीसाठी असते. सलग साडेतीनशे-चारशे व्होल्ट आले की शॉर्ट होऊन मरते, आणि मरताना आधीचा फ्यूज घेऊन जाते, म्हणून तर ती फ्यूजच्या पुढे हवी. फ्यूजच्या आधी लावली तर बोर्ड पेटू शकतो. शक्य असेल तर चकतीला चिकटून थर्मल फ्यूजही (चकती तापली की तुटणारा) टाका. न्यूट्रलच्या भानगडीसाठी मेन बोर्डात जास्त व्होल्टेजला लाईन तोडणारं यंत्र वेगळं लागतं. (दाजींपर्यंत हा परिच्छेद पोचू देऊ नका.)

घरात अर्थिंग नसेल तर तीनातल्या दोन चकत्या शोभेच्या. आमच्याकडच्या कित्येक जुन्या घरांत तिसऱ्या भोकात वायरच नसते, ते आधी बघा. उसळ्या खाऊन चकती झिजत जाते, बाहेरून काही कळत नाही, तेव्हा अधूनमधून बदला. आभाळ भरून आलं की वीज कडाडायच्या आधीच प्लग काढा, जवळ पडलेल्या विजेपुढे चकतीचं काही चालत नाही. डाग देता येत नसेल तर ज्युल रेटिंग (किती ऊर्जेची उसळी झेलतो तो आकडा) छापलेला तयार स्पाईक गार्ड, म्हणजे आतच सर्ज प्रोटेक्शन असलेला बोर्ड, आणा. नुसता लाल दिवा आणि स्विच असलेला आणू नका, दाजींकडे अजून तोच आहे.